पोलंडबाहेरचे पोलंड

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकोणिसाव्या शतकात किती पोलिश माणसे येऊन स्थायिक झाली, हा प्रश्न वरकरणी अगदी साधा वाटतो. बंदरावर सरकारी कारकून बसलेला असे, त्याच्यापुढे नोंदवही असे, आणि बोटीतून उतरणाऱ्या प्रत्येकाचे नाव, वय, धंदा व देश टिपून घेण्याचा त्याला हुकूम असे. तेव्हा वह्या उघडाव्या, बेरीज करावी आणि उत्तर सांगावे, इतकेच काम उरते, असे कोणालाही वाटेल. परंतु त्या वह्या पाहू गेल्यास क्राकोच्या आसपासचा शेतकरी ऑस्ट्रियाचा, पोझनानकडचा जर्मनीचा आणि वॉर्साजवळचा रशियाचा म्हणून नोंदलेला वारंवार आढळतो. कारण ज्या देशाची भाषा ही तिन्ही माणसे बोलत होती, तो देश १७९५ सालापासून स्वतंत्र राज्य म्हणून युरोपच्या नकाशावर उरलाच नव्हता. १८९९ पासून बंदरावरच्या नोंदीत माणसाचा वंश अथवा लोकसमूह लिहून घेण्यास आरंभ झाला आणि १९१० च्या खानेसुमारीत मातृभाषेचा प्रश्न घालण्यात आला, तेव्हा कोठे या लोकांचा हिशेब काहीसा लागू लागला. १८७० ते १९१४ या काळात ते सुमारे वीस लाख आले असावेत, असे सामान्यतः मानले जाते.

परंतु याच काळात शिकागो शहरातील संत स्तानिस्लाव कोस्तका या नावाचा, १८६७ मध्ये स्थापन झालेला पोलिश धर्मग्राम वाढत वाढत १८९० नंतरच्या दशकात चाळीस हजारांच्या घरात गेला होता. तेथे प्रवचने पोलिश, शाळा पोलिश, वर्तमानपत्रे पोलिश, कोणी मेला तर त्याच्या विधवेला पैसे देणारी संस्थाही पोलिश. या लोकांमागे सरकार नव्हते, तिजोरी नव्हती, त्यांची बाजू मांडणारा राजदूत नव्हता. ज्या देशाचे अस्तित्व कोणत्याही दप्तरात नाही, त्याची एवढी मोठी वस्ती समुद्रापार उभी राहिली ती कोणत्या बळावर, हे कोडे आहे. आणि त्याचे उत्तर शोधताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते की, त्या वस्तीतील बहुसंख्य माणसांनी गाव सोडताना स्वतःला पोलिश म्हणवून घेतले असते की नाही, याचीच शंका आहे.

तीन सम्राटांची रयत

१७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वाटण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंडचा सगळा मुलूख आपापसांत वाटून घेतला, आणि १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षे, तेथे परक्यांचा अंमल राहिला. या काळाच्या पूर्वार्धात परदेशी गेलेले पोलिश म्हटले की एका विशिष्ट वर्गाचा बोध होई. नोव्हेंबर १८३० मध्ये झारविरुद्ध झालेला उठाव पुढच्या वर्षी मोडून काढण्यात आला आणि काही हजार लष्करी अधिकारी, सरदार, लेखक व विद्यार्थी देश सोडून मुख्यतः फ्रान्समध्ये गेले. पॅरिसमध्ये राजपुत्र आदाम चार्तोरिस्की यांच्या ओतेल लांबेर या वाड्यातून परराज्यांशी राजकारण चाले. त्याच शहरात १८३४ मध्ये कवी आदाम मित्सक्येविच यांचे ‘पान तादेऊश’ हे महाकाव्य प्रसिद्ध झाले, १८३८ मध्ये पोलिश ग्रंथालय स्थापन झाले, आणि शोपँच्या संगीताने पोलंडचे नाव युरोपच्या दिवाणखान्यांत जागते ठेवले. इतिहासात हे ‘महान स्थलांतर’ म्हणून ओळखले जाते आणि ते त्या नावास पात्रही आहे. परंतु ते होते सरदारवर्गाचे आणि सुशिक्षितांचे.

शेतकऱ्याची गोष्ट निराळी होती. जुन्या पोलंडमध्ये संसद सरदारांची होती, राजाची निवड सरदार करीत, आणि शेतकरी त्यांच्या जमिनीवर वेठीने राबे. म्हणून राज्य बुडाले तेव्हा आपले काही गेले, असे त्याला वाटण्याचे कारण नव्हते. १८४६ मध्ये ऑस्ट्रियाच्या ताब्यातील गालित्सिया प्रांतात सरदारांनी स्वातंत्र्यासाठी उठावाची सिद्धता केली, तेव्हा तेथल्या पोलिश बोलणाऱ्या शेतकऱ्यांनीच त्यांच्या गढ्यांवर चालून जाऊन सुमारे एक हजार माणसे मारली. ही घटना पोलिश मनाला अजून सलते. गालित्सियातील जिकूफ गावचे प्रमुख यान स्वोम्का यांनी आपल्या आठवणींत प्रांजळपणे लिहून ठेवले आहे की, त्यांच्या लहानपणी खेड्यातील लोक स्वतःला मझूर म्हणवीत, आणि आपण पोलिश आहोत हे त्यांना स्वतःला पुस्तके व वर्तमानपत्रे वाचू लागल्यावर समजले. पुढे जे लाखो लोक बोटीत चढले, ते अशा माणसांपैकी होते. गाव, बोली, देवळातला संत आणि नातेगोते, एवढीच त्यांची ओळख होती.

जमिनीचे तुकडे

वेठबिगारीतून शेतकऱ्याची सुटका प्रशियात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, ऑस्ट्रियात १८४८ मध्ये आणि रशियाच्या अमलाखाली १८६४ मध्ये झाली. सुटका झाली म्हणजे गाव सोडून जाण्याची मोकळीक आली. पण जमीन वाढली नाही. मुलेबाळे मात्र वाढली, आणि गालित्सियात बापाची शेती सर्व मुलांत वाटण्याची रीत असल्याने पिढीगणिक तिचे तुकडे पडत गेले. शतक संपता संपता तेथील बहुतेक शेते पाच हेक्टरांच्या आत, आणि कित्येक तर दोनाच्याही आत होती. तीही एका जागी नव्हेत, तर गावाच्या शिवारात चार दिशांना विखुरलेल्या अरुंद पट्ट्यांच्या रूपाने. जेथे हिवाळा चार-पाच महिने जमीन गोठवून ठेवतो आणि वर्षात एकच पीक निघते, तेथे एवढ्यावर कुटुंब जगत नाही. स्तानिस्लाव श्चेपानोव्स्की या उद्योजकाने १८८८ मध्ये गालित्सियाच्या दैन्याचा आकडेवार पंचनामा करणारे पुस्तक लिहिले, तेव्हा या प्रांताची गणना युरोपातील अतिदरिद्री मुलखांत होत होती.

भाकरीसाठी बाहेर पडणे, ही या स्थलांतराची खेड्यातील व्याख्या. हेन्रिक शेन्क्येविच यांनी १८८० मध्ये आपल्या एका दीर्घकथेला हेच नाव दिले. प्रथम माणसे जवळच जात. उन्हाळ्यात जर्मनीतील मोठ्या जमीनदारांच्या बटाट्याच्या आणि बीटच्या शेतांवर मजुरी करून हिवाळ्यापूर्वी परत यायचे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. मग मुक्काम लांबत गेला. प्रशियाच्या अमलातील साइलेशियातून लिओपोल्ड मोचिगेम्बा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूच्या सांगण्यावरून सुमारे शंभर कुटुंबे १८५४ मध्ये टेक्ससच्या माळरानावर जाऊन पोचली आणि तेथे त्यांनी पान्ना मारिया हे गाव वसवले. अमेरिकेतील ही सर्वांत जुनी टिकून राहिलेली पोलिश वसाहत असून तेथल्या वृद्धांच्या तोंडी साइलेशियन बोली अगदी अलीकडेपर्यंत ऐकू येत होती. ब्राझीलमध्ये १८८८ साली गुलामगिरी बंद झाली, मजुरांची टंचाई पडली आणि तेथील सरकारने फुकट प्रवासाची सोय जाहीर केली, तेव्हा १८९० च्या सुमारास रशियन पोलंडमधील खेडीच्या खेडी परानाच्या जंगलाची वाट चालू लागली. त्या वेळच्या लोकांनी या प्रकाराला ब्राझीलचा ज्वर म्हटले.

जप्त झालेली पत्रे

दारिद्र्य माणसाला घराबाहेर ढकलते हे खरे, पण दारिद्र्यावरून तो नेमका कोठे जाईल हे ठरत नाही. एकाच गालित्सियातील शेजारशेजारच्या दोन गावांपैकी एकातील माणसे पेनसिल्व्हेनियाच्या खाणीत आणि दुसऱ्यातील शिकागोच्या कत्तलखान्यांत का जावीत? याचे उत्तर पत्रांत आहे, आणि ती पत्रे आज वाचता येतात याचे कारण मोठे दुःखद आहे.

ब्राझीलच्या ज्वराच्या वेळी, १८९०–९१ मध्ये, रयत मुलूख सोडून जात आहे हे पाहून झारच्या अधिकाऱ्यांनी ब्राझील व अमेरिका येथून येणारी पत्रे टपालातच अडवण्यास सुरुवात केली. ज्यांच्यासाठी ती लिहिली होती त्यांच्या हाती ती कधीच पडली नाहीत. सरकारी दप्तरात पडून राहिली. पुढे अर्ध्या शतकाने इतिहासकारांना ती वॉर्सात सापडली, त्यांच्या नकला करण्यात आल्या, आणि मूळ कागदांचा मोठा भाग महायुद्धात शहराबरोबर जळून गेला तरी व्हितोल्द कूला व त्यांचे सहकारी यांनी १९७३ मध्ये तो संग्रह छापून प्रसिद्ध केला. नवऱ्याचे पत्र आले नाही म्हणून त्याने आपल्याला टाकले, असे मानून किती बायका झुरल्या असतील, याचा विचार मनात आल्यावाचून तो संग्रह वाचवत नाही.

या पत्रांची घडण जवळजवळ ठरलेली असे. आरंभी येशू ख्रिस्ताचा जयजयकार, मग घरातील प्रत्येकाचे नाव घेऊन नमस्कार, आणि त्यानंतर कामाच्या गोष्टी: रोजची मजुरी किती, खाणे काय, कोणाला कोठे काम लागले. शेवटी मुख्य मजकूर येई. अमुक माणसासाठी जहाजाचे तिकीट पाठवीत आहे; त्याने अमुक मार्गाने ब्रेमेन किंवा हॅम्बुर्ग बंदर गाठावे, दलालांपासून सावध राहावे, आणि उतरल्यावर अमुक पत्त्यावर यावे. अशा रीतीने एक माणूस गेला की तो भावाला बोलावी, भाऊ मेहुण्याला, मेहुणा शेजाऱ्याला. प्रत्येक जण आधीच्याच्या खर्चाने जाई आणि तेथल्या पहिल्या कमाईतून ते ऋण फेडी. आधी गेलेला नवख्याला आपल्याच कारखान्यात चिकटवून देई, कारण मुकादमाशी त्याचीच ओळख असे. पुढे शिकागो विद्यापीठातील विल्यम टॉमस आणि पोलिश तत्त्वज्ञ फ्लोरियान झ्नान्येत्स्की यांनी अशाच शेकडो कौटुंबिक पत्रांच्या आधारे पोलिश शेतकऱ्यावरचा आपला पाच खंडांचा ग्रंथ १९१८ ते १९२० या काळात प्रसिद्ध केला. सामान्य माणसाचे खासगी पत्र हे समाजशास्त्राचे साधन होऊ शकते, हे जगाने त्यातून प्रथम एवढ्या विस्ताराने पाहिले.

एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. यांतील पुष्कळ माणसे कायमची राहण्यासाठी गेली नव्हती. चार पैसे जमवावे, परत यावे, शेत सोडवावे अथवा नवे घ्यावे, हा त्यांचा बेत असे, आणि सुमारे तिघांतला एक खरोखरच परत गेला.

मृत्यूच्या भीतीतून उभी राहिलेली संस्था

नवा माणूस शिकागोच्या कत्तलखान्यांत, पोलादाच्या भट्ट्यांत किंवा पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणीत कामाला लागला की त्याचे राहणे एखाद्या गाववाल्याच्या घरात भाडेकरू म्हणून असे. गिरणगावात एकाच गावचे कोकणी चाकरमानी एका खोलीत पाळीपाळीने झोपत, एका बाईच्या खानावळीत जेवत आणि गावच्या मंडळात वर्गणी भरत, तशीच ही व्यवस्था होती. त्या घराची गृहिणी दहा-दहा माणसांचे जेवण आणि धुणे सांभाळी, आणि तिच्या या कष्टातून घराचे हप्ते फिटत. घर मालकीचे हवे, ही या माणसांची फार मोठी ओढ होती. ज्याने गावी जमिनीसाठी जीव पाखडला त्याला परदेशातही चार भिंती स्वतःच्या नावे असल्याखेरीज स्वस्थता वाटेना. मिलवॉकी शहरात तर असे होई की, कुटुंब आधी लाकडाचे लहानसे घर बांधी आणि पुढे पैसे साठले की ते घर जसेच्या तसे उचलून त्याखाली विटांचा निम-तळमजला काढी, आणि एका मजल्यावर स्वतः राहून दुसरा भाड्याने देई. ‘पोलिश फ्लॅट’ या नावाने ओळखली जाणारी ही घरे तेथे अजूनही उभी आहेत.

पण भट्टीत किंवा खाणीत माणूस मेला तर? नुकसानभरपाईचे कायदे तेव्हा झालेले नव्हते, विमा कंपन्या अशा धोक्याच्या धंद्यातील परदेशी मजुराला दारात उभे करीत नसत, आणि परक्या भूमीत मंत्रसंस्कारावाचून पुरले जाण्याची भीती या श्रद्धाळू माणसांना मृत्यूहून मोठी वाटे. म्हणून त्यांनी पहिली संस्था काढली ती मृत्यूसाठी. पन्नास-शंभर माणसे एकत्र येत, मंडळाला एखाद्या संताचे नाव देत आणि ठरवीत की, कोणी सभासद गेला तर उरलेल्या प्रत्येकाने ठराविक रक्कम द्यायची, त्यातून अंत्यविधी होईल आणि राहिलेला पैसा विधवेला मिळेल.

या पद्धतीत एक दोष दडलेला आहे. मंडळ लहान असेल आणि त्याचे सभासद एकाच वयाचे असतील, तर आरंभीची वर्षे सुखाने जातात. पुढे सगळेच म्हातारे होतात, मृत्यू वरचेवर होऊ लागतात, वर्गणीचा बोजा वाढतो, आणि तो पाहून तरुण माणसे आत येईनाशी होतात. शिवाय एका खाणीतील एका अपघाताने सबंध मंडळ एका दिवसात बुडू शकते. यावर उपाय एकच, तो म्हणजे गावोगावच्या मंडळांनी एकत्र येऊन जोखीम दूरवर पसरवणे. अशा एकत्रीकरणातून १८७३ मध्ये डेट्रॉइट येथे पोलिश रोमन कॅथलिक युनियन आणि १८८० मध्ये फिलाडेल्फियात पोलिश नॅशनल अलायन्स या देशव्यापी संघटना निघाल्या. मझूर, साइलेशियन, पोझनानचा आणि वॉर्साकडचा अशी माणसे, जी युरोपात तीन निरनिराळ्या सम्राटांची रयत होती आणि एकमेकांच्या बोलीला हसत होती, ती विम्याच्या एका पुस्तकात एकमेकांच्या जिवाची जामीन झाली. माझ्या मते शेतकऱ्याला पोलिश करणाऱ्या गोष्टींत या हिशेबाच्या वह्यांचे स्थान कवींच्या ग्रंथांइतकेच मोठे आहे.

> चौकट : वस्ती कोणत्या क्रमाने उभी राही?
> पत्र आणि तिकीट यांनी एका गावची माणसे एका कारखान्याभोवती जमत. गाववाल्याचे भाड्याचे घर हा पहिला आसरा. तेथून मृत्युनिधीचे मंडळ निघे. तेच मंडळ वर्गणी काढून धर्मगुरू मागवी आणि चर्च बांधी. चर्चच्या आवारात शाळा निघे, आणि तीत शिकवण्यास बहुधा जोगिणी असत. फेलिशियन संघाच्या जोगिणी यासाठी १८७४ मध्येच विस्कॉन्सिनला आल्या होत्या. वर्तमानपत्र, ग्रंथालय, गायनमंडळ, आखाडा ही मंडळी त्यानंतरची. सगळीकडे क्रम इतका काटेकोर नसे, पण मृत्युनिधी आधी आणि चर्च नंतर, असे पुष्कळ ठिकाणी आढळते.

चर्च कोणाच्या मालकीचे?

मिलवॉकीच्या संत योसाफाट धर्मग्रामातील मजुरांना मोठे चर्च हवे होते आणि बांधकामाला लागणारा दगड विकत घेण्याची त्यांची ऐपत नव्हती. १८९६ मध्ये शिकागोतील जुने टपाल व जकात कचेरीचे भव्य घर पाडले जात असल्याचे त्यांचे धर्मगुरू विल्हेल्म ग्रुत्सा यांना समजले; त्यांनी ते साहित्य वीस हजार डॉलरांना खरेदी केले आणि दगड, खांब, दरवाजांच्या कड्या हे सगळे सुमारे पाचशे मालगाड्यांच्या वाघिणींतून मिलवॉकीला आणवले. त्या कचेरीच्या चिऱ्यांतून घुमटाचे जे चर्च १९०१ मध्ये पुरे झाले ते आजही पाहणाऱ्याला थक्क करते. कर्जाचा डोंगर त्या धर्मग्रामावर कित्येक वर्षे राहिला, आणि तो आठवड्याच्या मजुरीतून फेडला गेला.

असा पैसा ओतला की मालकीचा प्रश्न आलाच. कॅथलिक चर्चच्या अमेरिकेतील नियमांप्रमाणे धर्मग्रामाची मिळकत बिशपच्या ताब्यात जाई. आणि बिशप बहुतेक आयरिश किंवा जर्मन वंशाचे. आम्ही बांधलेल्या इमारतीचा दस्तऐवज दुसऱ्याच्या नावे का, आणि हिशेब पाहण्याचा हक्क आम्हांला का नाही, असे पोलिश मजूर विचारू लागले. पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन या खाणींच्या शहरात हा वाद विकोपाला गेला आणि १८९७ मध्ये फ्रान्सिशेक होदूर या तरुण धर्मगुरूच्या नेतृत्वाखाली एक गट रोमपासून अलग झाला. त्यातून पोलिश नॅशनल कॅथलिक चर्च हा स्वतंत्र पंथ निर्माण झाला व तो आजतागायत आहे. ज्या लोकांची धर्मनिष्ठा सर्वश्रुत होती त्यांनी हे केले, यावरून त्यांच्या मनाला केवढी ठेच लागली असेल याची कल्पना येते. रोमने शहाणपणाने पावले टाकली ती सावकाश. पॉल रोडे हे पोलिश वंशाचे पहिले बिशप १९०८ मध्ये शिकागोस नेमले गेले.

पोलिश कोणाला म्हणावे?

बाहेरच्यांशी असा झगडा चालू असता आतही एक वाद धुमसत होता. युनियनचे म्हणणे असे की पोलिश म्हणजे कॅथलिक, आणि धर्मगुरू हाच समाजाचा नेता. शिकागोचे विन्सेंटी बाझिन्स्की हे या पक्षाचे आधारस्तंभ. अलायन्सचे म्हणणे असे की, पोलंडच्या स्वातंत्र्यासाठी जो झटेल तो पोलिश, मग त्याचा धर्म कोणताही असो. संत स्तानिस्लावच्या चर्चपासून हाकेच्या अंतरावर दुसऱ्या पक्षाने पवित्र त्रैक्याचे चर्च उभे केले आणि ते कोणाच्या अधिकाराखाली राहावे यावरून सुमारे दोन दशके तंटा चालून अखेर १८९३ मध्ये पोपच्या प्रतिनिधीला त्यात लक्ष घालावे लागले. वाद कटू होता, पण मला तो उपकारक वाटतो. कारण आपापली बाजू पटवण्यासाठी दोन्ही पक्षांना वर्तमानपत्रे काढावी लागली, आणि ज्यांना गावी अक्षरओळख नव्हती अशी हजारो माणसे ती वाचण्याच्या ओढीने शिकली. अलायन्सचे ‘झगोदा’ १८८१ मध्ये, विरुद्ध पक्षाचे ‘जेन्निक शिकागोस्की’ १८९० मध्ये निघाले. स्त्रियांना या संघटनांत बरोबरीचे स्थान नव्हते, म्हणून त्यांनी १८९८ मध्ये पोलिश विमेन्स अलायन्स ही आपली स्वतंत्र विमासंस्था काढली. दोन वर्षांत नॅशनल अलायन्सने स्त्रियांना सभासदत्व खुले केले. पोलंडच्याच भूमीतून त्याच बोटींनी आलेल्या ज्यूंचा संसार मात्र बव्हंशी या सगळ्यापासून अलग, त्यांच्या स्वतःच्या प्रार्थनामंदिरांभोवती वसला.

जर्मनीतील रूर खोऱ्याच्या खाणींत गेलेल्या पोलिश मजुरांनीही हेच केले. बोखुम येथे त्यांचे वर्तमानपत्र १८९० मध्ये आणि स्वतंत्र कामगार संघ १९०२ मध्ये निघाला. तेथे ते कायद्याने जर्मन नागरिक, आणि सरकारची दृष्टी करडी. १९०८ च्या कायद्याने सार्वजनिक सभेत जर्मनखेरीज अन्य भाषा वापरण्यावर बंधने आली. पहिल्या महायुद्धानंतर त्यांतील पुष्कळ जण उत्तर फ्रान्सच्या कोळसाखाणींत गेले, आणि जाताना आपली मंडळे बरोबर घेऊन गेले.

देश परत मिळाल्यावर

८ जानेवारी १९१८ रोजी अध्यक्ष विल्सन यांनी जे चौदा मुद्दे जाहीर केले त्यांतील तेरावा स्वतंत्र पोलंडचा होता. त्यामागे पियानोवादक इग्नात्सी पादेरेव्स्की यांची शिष्टाई होती, आणि त्या शिष्टाईमागे या सगळ्या मंडळांची शक्ती. मजुरांनी निधी जमवला. अमेरिकेचे नागरिकत्व अद्याप न मिळालेले सुमारे वीस हजार तरुण कॅनडातील नायगाराकाठच्या तळावर शिक्षण घेऊन फ्रान्समध्ये जनरल हालर यांच्या निळ्या गणवेशाच्या सैन्यात दाखल झाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये पोलंड पुन्हा स्वतंत्र झाले.

आणि मग अनपेक्षित प्रश्न उभा राहिला. ज्या देशासाठी एवढे केले तेथे आता परत जायचे की नाही? काही हजार गेले, कित्येक निराश होऊन परतले. बाकीच्यांची मुले अमेरिकेच्या शाळांत शिकत होती, घराचे हप्ते फिटत आले होते, आणि १९२१ व १९२४ च्या अमेरिकन कायद्यांनी नवे येणारे थांबवल्यामुळे गावाकडून येणारा ताजा ओघही आटला. १९३४ मध्ये वॉर्सात जगभरच्या पोलिश लोकांचा जागतिक संघ स्थापन होत असता अमेरिकेच्या शिष्टमंडळाने फ्रान्सिशेक श्व्येत्लिक यांच्या मुखाने सांगितले की, आम्ही पोलिश वंशाचे अमेरिकन आहोत, परदेशी पोलिश वसाहत नाही. आणि त्या संघाचे सभासदत्व त्यांनी नाकारले. वॉर्सातील पुढाऱ्यांना हे लागले. पण या माणसांना पोलिश केले ते वॉर्साने नव्हते. ती ओळख त्यांनी स्वतःच्या वर्गणीतून कमावली होती, आणि म्हणून तिचा अर्थ लावण्याचा अधिकारही आपलाच, असे त्यांना वाटत असल्यास त्यांना दोष देता येत नाही.

पंचगंगेच्या काठी

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्राच्या भूमीतून गेला आहे. १० फेब्रुवारी १९४० पासून सोव्हिएत सरकारने पूर्व पोलंडमधील लाखो माणसे घरांतून उचलून सैबेरिया व कझाकस्तान येथे हद्दपार केली. जर्मनीने रशियावर स्वारी केल्यावर ३० जुलै १९४१ च्या कराराने त्यांची सुटका झाली, आणि १९४२ मध्ये जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्याबरोबर लाखाहून अधिक लोक कास्पियन समुद्र ओलांडून इराणात आले. त्यांतील स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना आसरा देणाऱ्यांत जामनगरचे महाराज दिग्विजयसिंहजी होते, आणि कोल्हापूर संस्थानही होते. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले.

बराकींची छावणी ती. पण तेथे प्राथमिक शाळांपासून माध्यमिक विद्यालयापर्यंत शिक्षण उभे राहिले, चर्च आले, रुग्णालय आले, नाटके होऊ लागली. बालवीरांच्या पथकांचे काम पोलिश अधिकाऱ्यांच्या काटिन येथील हत्याकांडातून बचावलेले झ्दिस्लाव पेश्कोव्स्की हे पाहत. हे सर्व इतक्या लवकर कसे साधले? लंडनमधील परागंदा पोलिश सरकारचा पैसा आणि मुंबईतील पोलिश वकिलातीची देखरेख ही कारणे आहेतच. किरा बानासिन्स्का यांनी रेड क्रॉसच्या वतीने यासाठी फार खस्ता खाल्ल्या. परंतु जेथे तीन-तीन पिढ्यांनी परक्या अमलाखाली मुलांना घरात चोरून भाषा शिकवलेली होती, तेथल्या आईला वर्ग सुरू करण्यासाठी फर्मानाची वाट पाहावी लागत नव्हती, हेही तितकेच खरे आहे. छावणी उठल्यावर त्याच जागी सिंधमधून आलेले निर्वासित वसले आणि तिचे गांधीनगर झाले. पोलिश लोकांपैकी पुष्कळ जण इंग्लंडमध्ये आपल्या सैनिक नवऱ्यांकडे व भावांकडे, इतर ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका येथे गेले. कोल्हापुरात राहिली ती महावीर उद्यानातील स्मृतिस्तंभाची आणि दफनभूमीतील कबरींची खूण. त्या छावणीत वाढलेली मुले म्हातारपणी पुन्हा पुन्हा कोल्हापूरला येत राहिली.

लंडनपासून पुढे

मायदेशी कम्युनिस्ट राजवट आल्यामुळे जे सैनिक परतू शकले नाहीत त्यांच्यासाठी ब्रिटनने १९४७ मध्ये पुनर्वसनाचा कायदा केला. परागंदा सरकार तेथे राजमान्यता गमावूनही राष्ट्राध्यक्षाची मुद्रा जपत राहिले, आणि २२ डिसेंबर १९९० रोजी रिशार्द काचोरोव्स्की यांनी ती वॉर्सात लेक वालेसा यांच्या स्वाधीन केली.

२००४ मध्ये पोलंड युरोपीय संघात आले आणि आणखी एक लाट ब्रिटनवर आली. २०११ च्या खानेसुमारीत इंग्लंडमध्ये इंग्रजीखालोखाल पोलिश ही मुख्य भाषा ठरली. या नव्या माणसांना मृत्युनिधीचे मंडळ नको होते, कारण विमा आणि दवाखाना सरकार पाहते. पत्राची वाट पाहायची नव्हती, कारण विमान स्वस्त आणि दूरध्वनी खिशात. जुन्या संस्थांपैकी दोनच त्यांना लागल्या. एक रविवारची पोलिश मिस्सा. दुसरी शनिवारची शाळा, जी १९४० च्या पिढीने उसन्या खोल्यांत सुरू केली होती आणि विद्यार्थ्यांवाचून बंद पडत चालली होती. त्या शाळांतील वर्ग २००४ नंतरच्या वर्षांत पुन्हा भरले, आणि नव्या शाळा काढण्यासाठी आईबाप, पूर्वीप्रमाणेच, वर्गणी गोळा करू लागले.